पहिली पाच मिनिटे: सशस्त्र हल्ल्यासाठी शाळा आणि कामाच्या ठिकाणांची तयारी

शाळेत, दवाखान्यात, कार्यालयात किंवा कारखान्यात एखादा बंदूकधारी शिरला आणि समोर दिसेल त्याच्यावर गोळ्या झाडू लागला, तर पोलीस पोचेपर्यंत तिथल्या माणसांनी काय करायचे? या प्रश्नाचे उत्तर शिकवणारे प्रशिक्षण पद्धतशीरपणे उभे राहिले ते अमेरिकेत. 20 एप्रिल 1999 रोजी कोलोरॅडो राज्यातील कोलंबाइन हायस्कूलमध्ये दोन विद्यार्थ्यांनी गोळीबार केला. बाहेर जमलेले पोलीस विशेष पथकाची वाट पाहत थांबले आणि आत माणसे मरत राहिली. त्यानंतर तिथल्या पोलिसांनी कामाची पद्धत बदलली आणि शाळांनी आपापल्या सरावाचे नियम घालून घेतले.

भारतात बंदूक सहजासहजी मिळत नाही. 1959 च्या शस्त्र अधिनियमाखाली परवान्याशिवाय ती बाळगता येत नाही, म्हणून शाळेतील गोळीबार इथे विरळा. तरीही तो कधी घडलाच नाही, असे म्हणता येत नाही. 11 डिसेंबर 2007 रोजी गुडगावच्या एका खासगी शाळेत आठवीच्या विद्यार्थ्यावर त्याच्याच वर्गमित्रांनी गोळ्या झाडल्या. महाराष्ट्राने तर 26 नोव्हेंबर 2008 रोजी मुंबईवर झालेल्या दहशतवादी हल्ल्याची रात्र पाहिली आहे. 30 ऑक्टोबर 2025 रोजी मुंबईत पवईच्या एका स्टुडिओत ऑडिशनच्या नावाखाली बोलावलेल्या 17 मुलांना एका माणसाने ओलीस धरले. पोलिसांनी आत शिरून सर्व मुलांची सुखरूप सुटका केली.

अहिल्यानगर जिल्ह्यालाही गोळीबार नवा नाही. एप्रिल 2018 मध्ये आधी नगरजवळच्या केडगावात आणि त्याच महिन्याच्या अखेरीस जामखेडमध्ये प्रत्येकी दोघांचा खून झाला. दोन्ही ठिकाणी बंदूक वापरली गेली आणि दोन्ही घटना भर वस्तीत घडल्या. गावठी कट्टे पकडल्याच्या बातम्या जिल्ह्यातल्या वर्तमानपत्रांत अधूनमधून येतच असतात. त्यामुळे हा विषय दूरदेशीचा आहे, असे समजून सोडून देता येत नाही. मात्र अमेरिकेतले धडे जसेच्या तसे उचलूनही चालत नाही, कारण इथल्या इमारती, इथली अंतरे आणि इथले धोके वेगळे आहेत.

धोका कोणता ते आधी ओळखावे

बंदूक दिसली की सगळे प्रसंग सारखेच वाटतात, पण हल्लेखोराचा हेतू बदलला की बचावाची रीतही बदलते.

पहिला प्रकार दरोड्याचा. बँकेची शाखा, पतसंस्था, सराफी पेढी, पेट्रोल पंप ही त्याची ठिकाणे. दरोडेखोराला पैसा हवा असतो आणि लवकर निसटायचे असते. इथे प्रतिकार न करणे, हात दिसतील असे ठेवणे, मागेल ते देणे आणि त्याचा चेहरा, कपडे, गाडीचा क्रमांक लक्षात ठेवणे हेच शहाणपणाचे. तिजोरीतली रक्कम पुन्हा उभी करता येते, गेलेला जीव परत आणता येत नाही.

दुसरा प्रकार वैराचा. हल्लेखोर ठरावीक माणसाला मारायला येतो. केडगाव आणि जामखेडच्या घटना या जातीच्या. अशा वेळी आजूबाजूच्यांनी ताबडतोब आडोसा घ्यावा, कुतूहलाने जवळ जाऊ नये आणि मोबाइलवर चित्रीकरण करत थांबू नये.

तिसरा प्रकार ओलीस धरण्याचा. इथे हल्लेखोराला काही मागायचे असते, म्हणजेच बोलायला वाव असतो. शांत राहणे, वाद न घालणे, अचानक हालचाल न करणे आणि वाटाघाटीचे काम पोलिसांवर सोडणे हा इथला नियम.

चौथा प्रकार अंदाधुंद गोळीबाराचा. इथे हल्लेखोराला काही नको असते, त्याला जास्तीत जास्त माणसे मारायची असतात. विनवणी, पैसा, शरणागती यांपैकी कशाचाच उपयोग होत नाही. या प्रकरणातला मुख्य विचार या चौथ्या प्रकाराचा आहे, कारण पूर्वतयारी नसेल तर सर्वाधिक जीव इथेच जातात.

वेळेचे गणित

अमेरिकेच्या एफबीआयने 2000 ते 2013 या काळातील अशा 160 घटनांचा अभ्यास 2014 मध्ये प्रसिद्ध केला. त्यातील 63 घटना नेमक्या किती वेळ चालल्या, हे सांगता आले. त्यांपैकी 44 घटना पाच मिनिटांत किंवा त्याहून कमी वेळात आटोपल्या होत्या आणि 23 घटना तर दोन मिनिटांतच. पोलीस ठाणे दोन चौकांवर असले तरी एवढ्या वेळात मदत पोचणे अवघड असते.

अहिल्यानगर हा क्षेत्रफळाने राज्यातला सर्वात मोठा जिल्हा. तालुके 14, क्षेत्रफळ 17 हजार चौरस किलोमीटरच्या घरात. अकोले तालुक्याची पश्चिमेकडची डोंगरी गावे जिल्ह्याच्या मुख्यालयापासून शंभर किलोमीटरहून दूर आहेत. पावसाळ्यात घाटाच्या वाटेवर गाडीला किती वेळ लागेल, याचा भरवसा देता येत नाही. शहरातल्या शाळेसाठी पहिली पाच मिनिटे जशी तिची स्वतःची असतात, तशी आडगावच्या शाळेसाठी पहिली पंचेचाळीस मिनिटेही तिची स्वतःचीच असू शकतात.

26 नोव्हेंबर 2008 च्या हल्ल्यातही हेच दिसले. राष्ट्रीय सुरक्षा दलाचे कमांडो तेव्हा हरियाणातील मानेसर येथेच असत. ते मुंबईत उतरून कारवाईला लागले तोवर दुसरा दिवस उजाडला होता. पुढे 2009 मध्ये मुंबईसह चार शहरांत या दलाची केंद्रे उघडली आणि महाराष्ट्राने स्वतःचे ‘फोर्स वन’ हे पथक उभारले. या सुधारणा मोलाच्या आहेत. पण पथक कितीही चपळ असले तरी ते येईपर्यंत जागेवर शिक्षक, परिचारिका, शिपाई आणि पहारेकरीच असतात. प्रशिक्षण त्यांच्यासाठी असते.

मुंबईच्या रात्रीने शिकवलेले

त्या हल्ल्यात 166 जणांचा बळी गेला. मात्र त्याच रात्री सामान्य कर्मचाऱ्यांनी शेकडो जीव वाचवलेही. त्यांनी नेमके काय केले हे बारकाईने पाहिले, तर प्रशिक्षणाचा बहुतेक अभ्यासक्रम त्यातच सापडतो.

छत्रपती शिवाजी टर्मिनसवर रात्री साडेनऊच्या सुमारास गोळीबार सुरू झाला. उपनगरी गाड्यांची उद्घोषणा करणारे विष्णू झेंडे त्या वेळी फलाटांवर नजर ठेवता येईल अशा काचेच्या कक्षात होते. काय घडते आहे याचा अंदाज येताच त्यांनी ध्वनिक्षेपकावरून प्रवाशांना सांगायला सुरुवात केली की स्थानकाच्या मुख्य भागाकडे येऊ नका, एक नंबर फलाटाच्या मागच्या गेटने बाहेर पडा. ही सूचना ते मराठीत आणि हिंदीत पुन्हा पुन्हा देत राहिले. पुढे हल्लेखोरांनी त्यांच्या कक्षाच्या दिशेनेही गोळी झाडली. स्थानकावर 58 जण मृत्युमुखी पडले, पण लोकलमधून उतरणारी गर्दी दुसऱ्या वाटेने वळली नसती तर हा आकडा कितीतरी वाढला असता. त्यांच्या सूचनेत तीन गोष्टी होत्या: धोका कुठे आहे, कुठे जाऊ नये आणि कोणत्या वाटेने जावे. चांगल्या उद्घोषणेत याच तीन गोष्टी असाव्या लागतात. ‘घाबरू नका, शांत राहा’ एवढेच सांगितल्याने कुणालाही वाट सापडत नाही.

स्थानकातून निघालेले दोघे हल्लेखोर मागच्या बाजूने कामा रुग्णालयात शिरले. दारावरचे दोन पहारेकरी गोळ्यांना बळी पडले. प्रसूतिपूर्व कक्षात परिचारिका अंजली कुलथे रात्रपाळीवर होत्या आणि त्यांच्या देखरेखीखाली 20 गर्भवती स्त्रिया होत्या. खिडकीतून हल्लेखोर आवारात घुसताना दिसताच त्यांनी कक्षाची जड दारे लावून घेतली, दिवे मालवले आणि सगळ्या स्त्रियांना कक्षाच्या टोकाला असलेल्या लहानशा पॅन्ट्रीत नेऊन बसवले. जखमी झालेल्या सहकारी महिलेला त्यांनी उपचारासाठी पोचवले. याच धामधुमीत एका स्त्रीला कळा सुरू झाल्या. वरच्या मजल्यावरच्या प्रसूतिकक्षापर्यंत कुलथे तिला भिंतीच्या कडेकडेने, जिना चढवत घेऊन गेल्या. तिथे बाळंतपण सुखरूप झाले. बाकीच्या स्त्रिया पहाटेपर्यंत अंधारात, आवाज न करता बसून राहिल्या आणि सर्वजणी वाचल्या. डिसेंबर 2022 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे कुलथे यांनी हा अनुभव सांगितला.

कामा रुग्णालयातला धडा दाराचा आहे. हल्लेखोराकडे वेळ कमी असतो. बंद दार फोडण्यात तो सहसा वेळ दवडत नाही, उघडे दार शोधत पुढे जातो. 16 एप्रिल 2007 रोजी अमेरिकेतील व्हर्जिनिया टेक विद्यापीठात 32 जण मारले गेले. मुंबईहून तिथे शिकायला गेलेली एक विद्यार्थिनीही त्यांत होती. त्याच इमारतीतल्या एका वर्गातल्या विद्यार्थ्यांनी दाराला टेबल लावून ते आतून दाबून धरले. हल्लेखोराने दार ढकलले, त्यावर गोळ्याही झाडल्या, पण तो आत येऊ शकला नाही. त्या वर्गातले सगळे वाचले.

ताजमहाल हॉटेलमध्ये त्या रात्री एका कंपनीची मेजवानी चालू होती आणि तिची व्यवस्था 24 वर्षांच्या एका महिला व्यवस्थापकाकडे होती. गोळ्यांचा आवाज ओळखताच तिने दालनाची दारे बंद करायला लावली, दिवे घालवले आणि पाहुण्यांना टेबलांखाली झोपायला सांगितले. पती-पत्नींना तिने एकमेकांपासून दूर बसवले, म्हणजे वाईटात वाईट घडले तरी एका कुटुंबातले दोघेही एकाच जागी सापडू नयेत. हॉटेलच्या कर्मचाऱ्यांना इमारतीच्या मागच्या वाटा, स्वयंपाकघराचे जिने आणि सामानाच्या लिफ्ट तोंडपाठ होत्या. त्याच वाटांनी त्यांनी कितीतरी पाहुण्यांना बाहेर काढले.

त्या रात्रीचा आणखी एक धडा कटू आहे. दूरचित्रवाणी वाहिन्या कारवाई थेट दाखवत होत्या आणि हल्लेखोरांचे पाकिस्तानातले सूत्रधार ती पाहून त्यांना फोनवरून सूचना देत होते. सर्वोच्च न्यायालयाने 29 ऑगस्ट 2012 च्या निकालात या थेट प्रक्षेपणावर कडक शब्दांत ताशेरे ओढले. 2015 मध्ये केबल दूरचित्रवाणीच्या नियमांत दुरुस्ती होऊन दहशतवादविरोधी कारवाईच्या थेट प्रक्षेपणावर बंदी आली. आज प्रत्येकाच्या हातात कॅमेरा आहे. ‘आम्ही दुसऱ्या मजल्यावर प्रयोगशाळेत लपलो आहोत’ हा संदेश पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकणे त्या थेट प्रक्षेपणाइतकेच घातक ठरू शकते.

निघा, लपा, शेवटी झुंजा

2012 मध्ये अमेरिकेतील ह्यूस्टन शहराने या प्रसंगासाठी एक लहान चित्रफीत तयार केली. पळा, लपा, लढा हा तिचा तीन पायऱ्यांचा मंत्र पुढे जगभर गेला. ब्रिटनने तिसऱ्या पायरीवर ‘लढा’ऐवजी ‘कळवा’ ठेवले. मुंबईतल्या कर्मचाऱ्यांनी यातल्या पहिल्या दोन पायऱ्या कुणीही न शिकवता अवलंबल्या होत्या.

निघणे हा पहिला पर्याय. धोका कोणत्या बाजूला आहे ते कळत असेल आणि दुसरी वाट मोकळी असेल, तर सामान घेण्यात वेळ न घालवता बाहेर पडावे. सरळ मोकळ्या मैदानातून धावण्यापेक्षा भिंत, झाडे, उभी वाहने यांच्या आडोशाने जावे. वाटेत भेटणाऱ्यांना सोबत घ्यावे, पण कुणी अडून बसला म्हणून सगळ्यांनी थांबू नये.

वाट नसेल तर लपावे. दार लावावे, त्यामागे बाके आणि कपाटे सरकवावीत, दिवे घालवावेत आणि फोनचा आवाज पूर्ण बंद करावा. दाराच्या समोरासमोर किंवा खिडकीतून दिसेल अशा जागी बसू नये. गोळी पातळ लाकडातून आणि पत्र्यातून आरपार जाते, विटांची किंवा दगडाची भिंत मात्र बराच आडोसा देते. म्हणून दाराच्या रेषेत नसलेला भिंतीलगतचा कोपरा सर्वात बरा.

झुंजणे ही अगदी शेवटची पायरी आणि ती फक्त प्रौढांसाठी. हल्लेखोर खोलीत शिरलाच आणि दुसरा उपायच उरला नाही, तर सगळ्यांनी एकदम, हाती येईल ती वस्तू घेऊन, पूर्ण जोराने तुटून पडावे. एकट्याने पुढे होण्यात जीव वाचण्याची शक्यता फार कमी असते. मुलांना ही पायरी शिकवू नये.

आगीची घंटा आणि गोळीबाराची सूचना

6 नोव्हेंबर 2021 रोजी तेव्हाच्या अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, जिल्हा रुग्णालयातील अतिदक्षता विभागाला आग लागली आणि कोविडवर उपचार घेणारे 11 रुग्ण दगावले. त्याच वर्षी जानेवारीत भंडारा जिल्हा रुग्णालयातील आगीत 10 नवजात बालके गेली होती. जिल्ह्यातल्या कोणत्याही संस्थेने आपत्तीच्या तयारीचा विचार करताना या घटनेपासून सुरुवात करायला हवी, कारण आगीचा धोका गोळीबाराहून कितीतरी पटीने अधिक संभवतो. ज्या रुग्णांना स्वतः उठता येत नाही त्यांना कोणी, कोणत्या क्रमाने आणि कुठे हलवायचे, हा प्रश्न दोन्ही आपत्तींत सारखाच आहे.

इशारा देण्याची पद्धत मात्र दोन्हींत वेगळी हवी. आगीत दारे उघडून सगळ्यांनी मैदानात जमायचे असते. गोळीबारात मैदानात जमलेली मुले हल्लेखोराच्या पुढ्यात येतात. 24 मार्च 1998 रोजी अमेरिकेतील जोन्सबरो येथे दोन मुलांनी शाळेची आगीची घंटा वाजवली आणि बाहेर पडणाऱ्या मुलांवर गोळ्या झाडल्या. चार विद्यार्थिनी आणि एक शिक्षिका गेली. 14 फेब्रुवारी 2018 रोजी पार्कलँड येथील शाळेत गोळीबारामुळे आगीचा भोंगा आपोआप वाजला आणि वर्गातली मुले जिन्यात, व्हरांड्यात आली.

म्हणून आगीसाठी घंटा आणि गोळीबारासाठी बोलून दिलेली सूचना, असा फरक आधीच ठरवून ठेवावा. सूचना सांकेतिक शब्दांत असू नये. नव्याने आलेल्या शिक्षकाला, पालकाला किंवा कंत्राटी कामगाराला संकेत ठाऊक नसतो. ‘मुख्य गेटवर बंदूकधारी माणूस आहे, वर्ग आतून बंद करा’ हे साधे वाक्य सगळ्यांना कळते.

शाळेतला सराव

जिल्हा परिषदेच्या शाळेची नेहमीची रचना अशी असते: एका रांगेत दोन-चार खोल्या, पुढे लांब व्हरांडा, समोर पटांगण, एक फाटक आणि आवाराची भिंत असलीच तर कमरेएवढी. शाळा सुटल्यावर कुलूप लावायचे म्हणून दाराला बाहेरून कडी-कोयंडा असतो. आतली कडी मात्र अनेक ठिकाणी तुटलेली असते किंवा बसवलेलीच नसते. तयारीचा पहिला खर्च इथे करावा. प्रत्येक खोलीला आतून घट्ट बसणारा अडसर लावायला फार पैसा लागत नाही आणि कामा रुग्णालयात जे काम जड दारांनी केले तेच तो अडसर करतो. बदलापूरच्या शाळेतील लैंगिक अत्याचाराच्या घटनेनंतर ऑगस्ट 2024 मध्ये राज्य शासनाने शाळांना सीसीटीव्ही बसवणे बंधनकारक केले. कॅमेरा तपासाला उपयोगी पडतो, पण तो कुणाला अडवत नाही.

पेशावरच्या आर्मी पब्लिक स्कूलवर 16 डिसेंबर 2014 रोजी हल्ला झाला आणि 140 हून अधिक जण मारले गेले. त्यांत बहुतेक मुले होती. त्यानंतर केंद्रीय गृह मंत्रालयाने राज्यांना शाळांच्या सुरक्षेबाबत सूचना पाठवल्या. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने 2016 मध्ये शाळा सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वे दिली. त्यांचा आधार घेऊन प्रत्येक शाळेने स्वतःचा एक पानी आराखडा करावा. त्यात मुख्याध्यापकाने सूचना कशी द्यायची, तो नसेल तर कोणी द्यायची, फाटक कोणी लावायचे, 112 वर फोन कोणी करायचा, पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंनी गॅस बंद करून कुठे जायचे, मैदानात खेळत असलेल्या वर्गाने कोणत्या खोलीत शिरायचे आणि चालता न येणाऱ्या मुलाला कोणी उचलायचे, हे सगळे नावानिशी लिहिलेले असावे.

मुलांशी बोलताना बंदुकीचे नाव काढण्याची गरज नसते. ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ हे बालवाडीतल्या मुलालाही येते. बाई सांगतील त्या भिंतीशी बसायचे, बाई सांगेपर्यंत बोलायचे नाही, बाहेरून कुणी हाक मारली तरी दार उघडायचे नाही, एवढे तीन नियम लहान वर्गांना पुरतात. शिक्षकाने दार लावावे, हजेरीपट सोबत ठेवावा आणि मुले मोजावीत. हे सगळे दहा मिनिटांत होते आणि साप शिरला, पिसाळलेले कुत्रे आले किंवा पटांगणात बिबट्या दिसला तरी हाच सराव कामी येतो. उसाच्या पट्ट्यातल्या शाळांना त्याचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.

सरावात भीतीचे नाटक मात्र करू नये. अमेरिकेत काही ठिकाणी खोट्या गोळ्यांचे आवाज, रक्ताचा रंग आणि अचानक दार ठोठावणे असे सराव झाले. 2019 मध्ये इंडियाना राज्यातील एका प्राथमिक शाळेत सरावाच्या नावाखाली शिक्षकांवरच छर्रे झाडल्याचे उघड झाले आणि मोठा गदारोळ उठला. जॉर्जिया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांनी 114 शाळांच्या परिसरातील समाजमाध्यमांवरील लिखाण सरावाआधी आणि सरावानंतर तपासले. सरावानंतर नैराश्याची लक्षणे 39 टक्क्यांनी आणि ताण व चिंतेची 42 टक्क्यांनी वाढलेली आढळली. म्हणून सराव आधी जाहीर करून घ्यावा, पालकांना कळवावा आणि संपल्यावर मुलांच्या शंकांना वेळ द्यावा.

कामाच्या ठिकाणी

नागापूर आणि सुपे येथील औद्योगिक वसाहतींतले कारखाने, सहकारी साखर कारखाने, बाजार समित्या, रुग्णालये आणि महाविद्यालये यांचे प्रश्न शाळांहून वेगळे आहेत. धोकादायक प्रक्रिया असलेल्या कारखान्यांना कायद्यानुसार आपत्तीचा आराखडा ठेवावाच लागतो. त्याच आराखड्यात सशस्त्र हल्ल्याचे एक पान जोडले की वेगळी यंत्रणा उभारावी लागत नाही. कंत्राटी आणि हंगामी कामगारांना हे पान पहिल्याच दिवशी समजावून द्यावे. बॉयलर किंवा रसायनाच्या टाकीजवळचे काम अर्धवट टाकून पळाल्यास दुसरी आपत्ती ओढवते, म्हणून यंत्र सुरक्षितपणे थांबवण्याची सर्वात जलद पद्धत तिथल्या कामगाराला पाठ हवी.

शिर्डीसारख्या ठिकाणी गर्दी हाच मोठा धोका ठरतो. गोळीबाराच्या नुसत्या अफवेनेही चेंगराचेंगरी होऊ शकते. 25 जानेवारी 2005 रोजी मांढरदेवीच्या यात्रेत बंदूक नव्हती, तरी चेंगराचेंगरीत अडीचशेहून अधिक भाविक गेले. अशा ठिकाणी बाहेर पडण्याच्या वाटा दुकाने आणि चपलांच्या ढिगांपासून मोकळ्या ठेवणे आणि ध्वनिक्षेपकावर तयार सूचना ठेवणे हे पहिले काम. शिर्डीला आंध्र आणि तेलंगणातून मोठ्या संख्येने भाविक येतात, त्यामुळे तिथली सूचना मराठी आणि हिंदीबरोबर तेलुगूतही हवी.

पोलीस आल्यावर आणि जखमींसाठी

112 वर बोलताना ठिकाणाचे नाव सर्वात आधी सांगावे, कारण फोन कधीही तुटू शकतो. त्यानंतर हल्लेखोर किती, शेवटी कुठे दिसले, हातात काय, जखमी किती, एवढे सांगावे. पोलीस आत शिरतात तेव्हा त्यांना हल्लेखोर आणि पीडित यांतला फरक माहीत नसतो. हात रिकामे आणि वर ठेवावेत, त्यांच्याकडे धावत जाऊ नये. ते जखमींना ओलांडून पुढे जातील, कारण त्यांचे पहिले काम गोळीबार थांबवणे असते. 24 मे 2022 रोजी टेक्सासमधील युवाल्डी येथे पोलीस 77 मिनिटे वर्गाबाहेर थांबले. 19 मुले आणि दोन शिक्षिका गेल्या. आत जायला उशीर केला की काय होते, याचे हे अलीकडचे भीषण उदाहरण.

गोळी लागलेला माणूस बहुधा रक्तस्रावाने दगावतो. 108 ची रुग्णवाहिका येईपर्यंत जखमेवर स्वच्छ कापड ठेवून दोन्ही हातांनी जोर देऊन दाबून धरावे आणि मध्येच उचलून पाहू नये. हातापायातून रक्ताची धार लागली असेल, तर जखमेच्या वर रुंद पट्टी घट्ट आवळावी आणि आवळल्याची वेळ लक्षात ठेवावी. ऊसतोडीचा कोयता किंवा मळणी यंत्राने झालेल्या जखमेलाही हाच उपाय लागू पडतो. त्यामुळे या प्रशिक्षणातला हा भाग बंदुकीचा प्रसंग कधीच आला नाही तरी वाया जात नाही.

हल्ल्याच्या आधी

सर्वात मोठा बचाव गोळी सुटण्याच्या आधीच होतो. अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसने तिथल्या शिक्षण खात्यासह शाळांतल्या 37 हल्ल्यांचा अभ्यास केला. 81 टक्के घटनांत हल्लेखोराच्या मनात काय चालले आहे, याची कुणकुण किमान एका व्यक्तीला आधीच लागलेली होती. बहुतेकदा ती व्यक्ती मित्र, वर्गबंधू किंवा भावंड होती. त्यांनी मोठ्यांना सांगितले नाही, कारण चुगली केल्याचा शिक्का बसेल किंवा आपले कुणी ऐकणार नाही, असे त्यांना वाटले.

शाळेत सूड घेण्याच्या धमक्या देणारा, छळाला कंटाळलेला, शस्त्रांची छायाचित्रे फिरवणारा मुलगा असो किंवा नोकरीवरून काढल्यावर साहेबाला बघून घेण्याची भाषा करणारा कामगार असो, त्याच्याबद्दल निर्धास्तपणे सांगता येईल अशी एक ठरलेली व्यक्ती प्रत्येक संस्थेत हवी. त्या व्यक्तीने शिक्षेची घाई न करता मुख्याध्यापक, समुपदेशक, घरचे लोक आणि गरज पडल्यास पोलीस यांना एकत्र बसवावे. बहुतेक वेळा अशा माणसाला मदतीची गरज असते आणि ती वेळेत मिळाली की धोका तिथेच संपतो.

तयारीचा क्रम अवघड नाही. इमारत फिरून दारे, अडसर आणि वाटा तपासाव्यात, एक पानी आराखडा लिहून त्यात नावे घालावीत, आगीची घंटा आणि हल्ल्याची सूचना वेगळी ठेवावी, वर्षातून दोनदा शांतपणे सराव घ्यावा, स्थानिक पोलीस ठाण्याला इमारतीचा नकाशा द्यावा आणि रक्तस्राव थांबवायला निदान चार माणसांना शिकवावे. ग्रामपंचायत, शाळा व्यवस्थापन समिती किंवा कामगार संघटना यांपैकी कुणीही हे काम हाती घेऊ शकते, त्यासाठी वरून आदेश येण्याची वाट पाहण्याची गरज नाही. पुढच्या पालकसभेत किंवा पुढच्या पाळीच्या आरंभी हा विषय मांडला, तर पहिल्या फेरीची पाहणी त्याच आठवड्यात पूर्ण होऊ शकते. प्रत्येक शाळेने आणि आस्थापनेने ती करावीच.